बँड नंबर वन होता, तरी ती बाहेर पडली. ब्रिटनी हॉवर्डने एकटीने काय मिळवलं आणि काय मोजलं?

डिसेंबर २०२४. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कलूसा शहरात एक बँड स्टेजवर आला. लोकांनी त्याला २०१७ नंतर एकत्र पाहिलंच नव्हतं. त्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात त्याचा मोठा दौरा झाला आणि ऑगस्टमध्ये 'अनदर लाइफ' नावाचं नवं गाणंही आलं. २०१५ च्या अल्बमनंतर या बँडने केलेलं हे पहिलं नवं काम मानलं जातंय.

बँडचं नाव अलाबामा शेक्स.

चाहत्यांसाठी ही आनंदाची बातमी होतीच. पण ती नीट समजून घ्यायची तर मधल्या वर्षांत काय झालं ते बघावं लागतं. कारण या बँडची गायिका, गिटारवादक आणि चेहरा असलेली ब्रिटनी हॉवर्ड मधल्या काळात गप्प बसली नव्हती. बँड शिखरावर असताना ती बाजूला झाली, स्वतःच्या नावाने दोन अल्बम केले, ग्रॅमी जिंकली आणि मग पुन्हा जुन्या सोबत्यांकडे परतली.

बँड सोडला की भांडणं, वकिलांच्या नोटिसा, मुलाखतींमधून टोमणे हा क्रम संगीताच्या दुनियेत ओळखीचा आहे. इथे तसं काही गाजलं नाही. मग ती बाहेर का पडली? एकटीने गाऊन तिला असं काय मिळालं, जे बँडमध्ये मिळत नव्हतं? आणि त्याची किंमत काय होती?

आधी थोडी ओळख

ब्रिटनी हॉवर्डचा जन्म १९८८ चा. गाव अथेन्स, पण ग्रीसमधलं नाही, अलाबामातलं. वडील कृष्णवर्णीय, आई गोरी. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या छोट्या गावात अशा घरात वाढणं म्हणजे काय, हे पुढे तिच्या गाण्यांमधून आलं.

हा सगळा परिसर संगीताच्या दृष्टीने साधा नाही. अथेन्सच्या पश्चिमेला, त्याच उत्तर अलाबामात, मसल शोल्स नावाचं गाव आहे. तिथल्या स्टुडिओंमध्ये साठच्या दशकात अरेथा फ्रँकलिन, विल्सन पिकेट यांच्यासारख्यांनी गाणी रेकॉर्ड केली. सोल म्हणून जे संगीत जगभर पोचलं, त्याचा एक मोठा भाग या पट्ट्यात घडला.

सोल म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचं तर चर्चमधलं गॉस्पेल गाणं आणि नाचायला लावणारं ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून पन्नास-साठच्या दशकात तयार झालेला कृष्णवर्णीय अमेरिकन गायनप्रकार. त्यात आवाज 'सुंदर' असण्यापेक्षा तो आतून आलेला असणं महत्त्वाचं. ब्रिटनीचा आवाज ऐकला की हे लगेच कळतं. ती कुजबुजते, ओरडते, मध्येच आवाज फाटू देते, आणि तरी सूर सुटत नाही.

शाळेत तिची ओळख झॅक कॉकरेलशी झाली. तो बेस वाजवायचा. पुढे ड्रमर स्टीव्ह जॉन्सन आणि गिटारवादक हीथ फॉग आले आणि चौघांचा बँड झाला. सुरुवातीला नाव नुसतंच 'द शेक्स' होतं. ब्रिटनी तेव्हा पोस्ट खात्यात पत्रं वाटायचं काम करत होती. २०११ मध्ये एका संगीतविषयक ब्लॉगवर त्यांचं एक गाणं आलं आणि रेकॉर्ड कंपन्यांचे फोन सुरू झाले.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. २०१२ मध्ये पहिला अल्बम 'बॉईज अँड गर्ल्स'. २०१३ मध्ये थेट व्हाइट हाउसमधल्या सोल संगीताच्या कार्यक्रमात सादरीकरण. २०१५ मध्ये दुसरा अल्बम 'साउंड अँड कलर', जो अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. २०१६ च्या ग्रॅमी सोहळ्यात बँडला सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बम, सर्वोत्कृष्ट रॉक सादरीकरण आणि सर्वोत्कृष्ट रॉक गाणं असे तीन पुरस्कार मिळाले.

अशा वेळी तिसरा अल्बम काढणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फायद्याचं काम असतं. कंपनी तयार, प्रेक्षक तयार, पैसे तयार. पण तो तिसरा अल्बम आलाच नाही.

मग अडलं कुठे?

बँडने 'आम्ही फुटलो' अशी घोषणा कधी केली नाही. तो थांबला. ब्रिटनीने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलं की नव्या अल्बमसाठी काम सुरू झालं होतं, पण लिखाण पुढे सरकत नव्हतं. त्यात तिशी जवळ आली होती. आपण स्वतःला हवं ते करतोय का, हा प्रश्न तिला पडला आणि तिने सोबत्यांना सांगून वेगळी वाट धरली.

बँडच्या बाहेरचे प्रयोग तिने आधीही केले होते. २०१५ मध्ये 'थंडरबिच' या नावाने तिने धिंगाणा घालणारं रॉक अँड रोल केलं. २०१७ च्या सुमारास दोन गायिकांसोबत 'बर्म्युडा ट्रँगल' हा शांत, गिटारवर चालणारा गट केला. म्हणजे एका बँडमध्ये न मावणारं बरंच काही तिच्याकडे होतं, हे आधीच दिसत होतं. फरक इतकाच की त्या दोन्ही वेळी ती वेगळ्या नावाआड होती.

२०१९ मध्ये ती पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आली. पण अल्बमला मात्र तिने बहिणीचं नाव दिलं.

'जेमी': जे बँडच्या नावाने गाता आलं नसतं

जेमी ही ब्रिटनीची थोरली बहीण. तिला डोळ्यांच्या पडद्याचा कर्करोग होता. १९९८ मध्ये, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी ती गेली. ब्रिटनीलाही तोच आजार झाला होता. ती वाचली, पण एका डोळ्याची दृष्टी बरीचशी गेली. कविता लिहायला आणि पियानो वाजवायला ब्रिटनीला शिकवलं ते याच बहिणीने.

अल्बम जेमीच्या नावाचा असला तरी त्यातली गाणी ब्रिटनीच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल आहेत. ती किती खासगी आहेत, ते तीन उदाहरणांवरून कळेल.

'गोट हेड' या गाण्यात ती लहान असतानाची एक घटना आहे. तिच्या वडिलांच्या गाडीची चाकं कुणीतरी फाडली आणि मागच्या सीटवर बोकडाचं कापलेलं मुंडकं ठेवलं. गोरी बाई आणि काळा माणूस यांनी घर केलं म्हणून गावाने दिलेली ही 'समज' होती. 'जॉर्जिया' हे गाणं एका लहान मुलीला तिच्याहून मोठ्या मुलीबद्दल वाटणाऱ्या ओढीचं आहे. ब्रिटनी समलैंगिक आहे आणि दक्षिणेतल्या छोट्या गावात हे उघडपणे बोलायचे दिवस ते नव्हते. 'ही लव्हज मी' मध्ये ती चर्चला जाणं सोडल्यावरही देव आपल्यावर रुसलेला नाही, असं म्हणते.

आता कल्पना करा, ही गाणी चार जणांच्या बँडने केली असती तर? गाता आली असती, पण ती 'आमची' झाली असती. बाकीचे तिघं गोरे पुरुष. त्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी वडिलांच्या गाडीतलं ते मुंडकं त्यांच्या घरचं नाही. बँडमध्ये गाण्याचे शब्द, चाल, कुठलं वाद्य किती वाजणार हे सगळं चौघांना पटावं लागतं. ही पद्धत वाईट नाही, उलट अनेक वेळा त्यातूनच गाणं सुधारतं. पण जे अनुभव एकाच माणसाचे आहेत, ते चौघांच्या सहमतीतून गाळून आले की त्यांची धार जाते.

ब्रिटनीच्या सोलो कामगिरीकडे बघताना हा मुद्दा सगळ्यात आधी लक्षात घ्यायला हवा. जास्त प्रसिद्धी तिला बँडमध्येही मिळतच होती. बाहेर पडून तिला मिळाली ती 'मी' म्हणायची मोकळीक.

जुने सोबती सुटले का?

सगळे नाही. 'जेमी'वर बेस वाजवणारा माणूस तोच आहे, झॅक कॉकरेल. त्याच्यासोबत जॅझमधले दोन मोठे कलाकार आले: कीबोर्डवर रॉबर्ट ग्लॅस्पर आणि ड्रम्सवर नेट स्मिथ. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी शॉन एव्हरेटकडे होती, जो 'साउंड अँड कलर'वरही होता. २०२४ च्या दुसऱ्या अल्बममध्येही कॉकरेल आणि स्मिथ आहेतच.

म्हणजे ब्रिटनीने माणसं तोडली नाहीत, कामाची रचना बदलली. बँडमध्ये कॉकरेल भागीदार होता. सोलो अल्बममध्ये तो निमंत्रित वादक झाला. वाजवणारे हात तेच, पण शेवटचा शब्द कोणाचा, हे बदललं. बाहेरून हा फरक छोटा वाटतो. प्रत्यक्षात संगीताच्या व्यवसायात सगळं इथेच ठरतं.

गाणं नक्की कोणाचं असतं?

इथे थोडं तांत्रिक, पण महत्त्वाचं.

एका गाण्याचे साधारण दोन मालकी हक्क असतात. पहिला रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे स्टुडिओत तयार झालेलं ते विशिष्ट रेकॉर्डिंग. त्याला व्यवसायात 'मास्टर' म्हणतात. उद्या दुसऱ्या कुणी तेच गाणं नव्याने गायलं, तर पैसे रचनेच्या मालकाला जातात. मूळ रेकॉर्डिंग एखाद्या ॲपवर वाजलं किंवा सिनेमात वापरलं, तर दोन्ही मालकांना वाटा मिळतो. मास्टर बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीकडे असतो, कारण स्टुडिओचा खर्च तिने केलेला असतो.

बँड सोडणारा माणूस आवाज सोबत नेतो, पण जुन्या गाण्यांमधला त्याचा वाटा कागदावर लिहिला असेल तेवढाच राहतो.

अलाबामा शेक्सची गाणी संपूर्ण बँडच्या नावावर असायची. २०१६ मध्ये 'डोन्ट वॉना फाइट'ला सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचा ग्रॅमी मिळाला, तेव्हा गीतकार म्हणून नाव होतं अलाबामा शेक्स. हा पुरस्कार गाणं लिहिणाऱ्यांना दिला जातो. २०२१ मध्ये तोच पुरस्कार ब्रिटनीला 'स्टे हाय' या सोलो गाण्यासाठी मिळाला. या वेळी गीतकाराच्या जागी एकच नाव होतं, ब्रिटनी हॉवर्ड.

पुरस्कार तोच, विभाग तोच, मधे पाच वर्षं. पण श्रेय चौघांकडून एकीकडे आलं. तिच्या सोलो प्रवासाचा हिशेब एका ओळीत मांडायचा तर तो हाच आहे.

अर्थात याला दुसरी बाजू आहे. बँडमध्ये नाव वाटून घेणं ही अनेकदा बँड टिकवण्याची युक्ती असते. गायकाला जास्त आणि ड्रमरला कमी असं सुरू झालं की दौऱ्याच्या बसमध्ये वातावरण बिघडतं. समान श्रेय दिलं की शांतता राहते. त्यामुळे ब्रिटनीवर बँडमध्ये अन्याय होत होता, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. एका नियमाने बँड चालला आणि दुसऱ्या नियमाने तिची सोलो गाणी, इतकंच म्हणता येतं.

'इंडिपेंडंट' म्हणजे नक्की काय?

सोशल मीडियावर 'इंडी आर्टिस्ट' हा शब्द कुणालाही चिकटवला जातो. खरं तर त्याचे किमान तीन वेगळे अर्थ आहेत.

एक, कलाकार मोठ्या कंपनीऐवजी स्वतंत्र लेबलसोबत काम करतो. जागतिक बाजारात युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांचा दबदबा आहे. त्यांच्या छत्राखाली नसलेल्या लेबलला इंडिपेंडंट म्हणतात. अलाबामा शेक्सचे दोन्ही अल्बम आणि ब्रिटनीचा 'जेमी' अमेरिकेत एटीओ रेकॉर्ड्सने काढले. गायक डेव्ह मॅथ्यूजने सहकाऱ्यांसोबत २००० साली सुरू केलेलं हे स्वतंत्र लेबल आहे.

दोन, कलाकार लेबलशिवाय स्वतःच गाणी काढतो आणि फक्त वितरणासाठी एखाद्या कंपनीची मदत घेतो. ब्रिटनची गायिका रे हे याचं अलीकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. तिने बँड नाही, कंपनी सोडली. कित्येक वर्षं करारात असूनही कंपनी आपला पूर्ण अल्बम काढू देत नाही, अशी जाहीर तक्रार तिने २०२१ मध्ये केली आणि त्यानंतर ती करारातून बाहेर पडली. स्वतःच्या जोरावर काढलेलं 'एस्केपिझम' हे गाणं जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पाठोपाठ अल्बम आला. मार्च २०२४ च्या ब्रिट पुरस्कारांत तिने एकाच रात्री सहा पुरस्कार घेऊन विक्रम केला.

तीन, लेबल कुठलंही असो, निर्णय कलाकाराचा असतो.

ब्रिटनीची गोष्ट या तिसऱ्या अर्थाने समजून घ्यायला हवी. कारण २०२४ मध्ये तिचा दुसरा सोलो अल्बम 'व्हॉट नाऊ' आला तो आयलँड रेकॉर्ड्सकडून, जे युनिव्हर्सलच्या छत्राखाली आहे. कागदावर बघितलं तर ती 'इंडी'तून बाहेर पडली. पण अल्बम ऐकला तर तो 'जेमी'पेक्षाही मोकाट आहे. एका गाण्यात क्लबमधलं हाऊस संगीत आहे, दुसऱ्यात फंक, आणि गाण्यांच्या मध्ये स्फटिकाच्या वाडग्यांचा घुमणारा नाद. मोठी कंपनी आली म्हणून गाणी गुळगुळीत झाली नाहीत.

याचा अर्थ मोठ्या कंपन्या भल्या असतात असा नाही. रेची गोष्ट समोर आहेच. पण नंबर वन अल्बम आणि ग्रॅमी पाठीशी घेऊन करार करणारी ब्रिटनी आणि कोवळ्या वयात करार केलेली रे यांची टेबलावरची ताकद सारखी नव्हती. स्वातंत्र्य किती मिळणार, हे कंपनीच्या पाटीपेक्षा सही करताना तुमच्या हातात काय आहे यावर जास्त ठरतं.

हे सगळं आधीही झालंय

सोल संगीतात गट सोडून एकट्याने गाणं ही जुनी वाट आहे. त्यातला सगळ्यात शिकवणारा धडा शिकागोच्या 'द इम्प्रेशन्स'चा.

१९५८ मध्ये त्यांचं पहिलं मोठं गाणं आलं तेव्हा कंपनीने रेकॉर्डवर नाव छापलं 'जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स'. एकाचं नाव वेगळं, बाकीचे सगळे 'आणि मंडळी'. गटात धुसफूस झाली आणि बटलर लवकरच बाहेर पडला. नाव कसं छापलं यावरून गट फुटू शकतो, हे तेव्हाच दिसलं.

त्याच गटातल्या कर्टिस मेफिल्डने पुढे वेगळा मार्ग काढला. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच त्याने आपल्या गाण्यांच्या हक्कांसाठी स्वतःची कंपनी काढली. तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. कृष्णवर्णीय कलाकारांची गाणी फुटकळ रकमेला विकत घेण्याचा तो काळ होता. १९६८ मध्ये त्याने सहकाऱ्यासोबत 'कर्टम' हे लेबल सुरू केलं. १९७० मध्ये तो इम्प्रेशन्समधून बाहेर पडला आणि १९७२ मध्ये 'सुपर फ्लाय' या सिनेमाच्या संगीताने तो थेट यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला.

पण खरी मेख पुढे आहे. मेफिल्डने गट सोडला तरी गट त्याच्याच लेबलवर राहिला, आणि १९७४ मध्ये त्याच्याशिवाय इम्प्रेशन्सने ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. सोडून जाणारा आणि मागे राहणारे, दोघंही जगले. कारण मालकी आधी ठरलेली होती आणि नातं तुटायच्या आत रचना बदलली होती.

ब्रिटनीकडे मेफिल्डसारखं स्वतःचं लेबल नव्हतं. पण दुसरी गोष्ट तिनेही साधली. भांडण होईपर्यंत ती थांबली नाही.

एक अल्बम, चार कप्पे

एकटं गाण्याचा एक अनपेक्षित परिणाम ग्रॅमीच्या यादीत दिसला. २०२१ च्या नामांकनांत 'जेमी'मधली गाणी चार वेगवेगळ्या संगीतप्रकारांत विखुरली. 'स्टे हाय' रॉकमध्ये, 'गोट हेड' ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये, 'शॉर्ट अँड स्वीट' अमेरिकन रूट्समध्ये आणि अख्खा अल्बम अल्टरनेटिव्हमध्ये.

एका बाजूने हा सन्मान. दुसऱ्या बाजूने हा घोळसुद्धा आहे. रेडिओ स्टेशनं, प्लेलिस्ट, दुकानातली कपाटं हे सगळं कप्प्यांवर चालतं. अमेरिकेत तर या कप्प्यांना वंशाचा इतिहास आहे. गिटार घेतलेले गोरे म्हणजे रॉक, कृष्णवर्णीय आवाज म्हणजे सोल किंवा आर अँड बी, असं वर्षानुवर्षं धरून चाललं. गिटार घेतलेली कृष्णवर्णीय बाई या व्यवस्थेला नीट समजतच नाही. बँडमध्ये असताना 'रॉक बँड' ही पाटी कामाला यायची. एकटी झाल्यावर ती पाटी गेली आणि तिला कुठल्या कपाटात ठेवायचं हा प्रश्न उघडा पडला.

म्हणजे मोकळीक मिळाली, पण तिच्यासोबत ओळखीची सोयही गेली.

किंमत काय मोजली?

आकड्यांत बघितलं तर 'साउंड अँड कलर'चा पहिला क्रमांक ब्रिटनीच्या दोन्ही सोलो अल्बमना गाठता आला नाही. कौतुक झालं, पुरस्कार मिळाले, 'व्हॉट नाऊ'लाही अल्टरनेटिव्ह अल्बमच्या ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पण बँडच्या नावाला जो मोठा श्रोतावर्ग होता, तो सगळा तिच्यासोबत आला नाही.

असं होण्याची कारणं सरळ आहेत. बँडचं नाव हा ब्रँड असतो. लाखो लोकांना 'होल्ड ऑन' हे गाणं माहीत असतं, अलाबामा शेक्स हे नाव माहीत असतं, पण गायिकेचं नाव माहीत असेलच असं नाही. ॲपवर बँडला फॉलो केलेल्या माणसाला तिच्या सोलो गाण्याची सूचना आपोआप जात नाही. ती नव्या पानावर नव्याने सुरुवात करते.

खर्चाचंही तसंच. बँडच्या दौऱ्यात फायदा वाटला जातो आणि तोटाही. सोलो कलाकार वादकांना मानधन देते. कार्यक्रम चालो न चालो, ते द्यावंच लागतं. त्यात २०२० मध्ये कोविड आला आणि जगभरातले दौरे थांबले. बँड असता तर त्या रिकाम्या वर्षाचा भार चौघांत वाटला गेला असता.

आणि आकड्यांत न बसणारी किंमत म्हणजे एकटेपणा. अल्बम पडला तर तो तुमच्या नावाने पडतो. 'जेमी'सारखा अल्बम असेल तर लोक तुमच्या चालींवरच नाही, तुमच्या बहिणीच्या मृत्यूवर, तुमच्या प्रेमावर, तुमच्या देवावर मत देत असतात.

मग ती परतली का? सोलो फसलं म्हणून?

सोशल मीडियावर पुनर्मीलनाच्या बातम्यांखाली हा प्रश्न हमखास येतो. एकट्याने जमलं नाही म्हणून परत आली, असा सरळ अर्थ लावला जातो.

पण घटनाक्रम तसं सांगत नाही. 'व्हॉट नाऊ' फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि समीक्षकांनी तो उचलून धरला. त्याच वर्षाच्या शेवटी बँड स्टेजवर आला. म्हणजे दार ठोठावून आलेली ही हरलेली माणसं नव्हती. शिवाय बँड जसाच्या तसाही परतलेला नाही. ब्रिटनी, हीथ फॉग आणि झॅक कॉकरेल असे तिघंच आहेत. ड्रमर स्टीव्ह जॉन्सन या नव्या पर्वात नाही. आणि नवं गाणं आलंय ते जुन्या एटीओकडून नाही, तर ब्रिटनीचा सोलो अल्बम काढणाऱ्या आयलँडकडून. बँडने तिला परत घेतलं यापेक्षा ती बँडला आपल्या नव्या घरी घेऊन आली, असं म्हणणं जास्त योग्य ठरेल.

पैशाचा विचार यात असणारच. जुन्या बँडच्या पुनर्मीलनाच्या दौऱ्याला मागणी असते, हे संगीत व्यवसायात सगळ्यांना माहीत आहे. ते नाकारण्याचं कारण नाही. पण फक्त पैसाच हवा असता तर २०१६ चे तीन ग्रॅमी हातात असतानाच तिसरा अल्बम काढणं सगळ्यात फायद्याचं होतं. तेव्हा तिने नाही म्हटलं.

यातून काय कळतं?

बँड सोडणाऱ्या कलाकाराला आपण साधारण दोनच साच्यांत बसवतो. एक तर तो 'गद्दार', नाहीतर 'शेवटी स्वतःच्या पायावर उभा राहिलेला हिरो'. ब्रिटनी हॉवर्ड दोन्हींत बसत नाही. तिने भागीदारी सोडली, पण भागीदाराला सोबत ठेवलं. तिने स्वतंत्र लेबल सोडलं, पण स्वतंत्र आवाज सोडला नाही. पहिला क्रमांक गमावला, पण एका पुरस्कारावर फक्त स्वतःचं नाव लिहून घेतलं. आणि परत आली तेव्हा निर्णय घेण्याची जागा तिच्याकडेच होती.

हे प्रत्येकाला जमेलच असं नाही. तिच्याकडे आधीचं मोठं यश होतं, ऐकून घेणारं लेबल होतं आणि वाट अडवून न बसलेले सोबती होते. यातलं एक जरी नसतं तरी गोष्ट वेगळी झाली असती. कित्येक गायक बँड सोडतात आणि कुणाला कळतही नाही, कारण गाण्यांवर त्यांचं नाव कधी नव्हतंच.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या गायकाने बँड सोडल्याची बातमी फीडवर आली, की भांडण कशावरून झालं एवढंच शोधू नका. जुन्या गाण्यांवर कोणाकोणाची नावं आहेत, रेकॉर्डिंगचा मालक कोण आहे आणि नव्या गाण्यात शेवटचा शब्द कोणाचा असणार आहे, हेही बघा. तो कलाकार दहा वर्षांनी कुठे असेल, याचा अंदाज त्या तीन उत्तरांवरून जास्त नीट येतो.